पंधरा वॅटचं मशीन

॥ श्री ॥

लालबाग,
ता. २० नोव्हेंबर २०२३

प्रिय मित्र आल्बर्ट यास,
लवूचा स. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी पोस्टमनकडे आणि मग ओल्गाकडे बघितलं असशील. लालबागहून ठाकूरद्वार ते किती, आणि हा मेला पत्र लिहितो. पण मोबाइलवर तुझा आवाज फाटतो रे. चाळीचा टॉवर झाला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर जाऊन बसलो, आणि रेंज मात्र तळमजल्यालाच राहिली. राहुल म्हणतो, रेंजला काही झालेलं नाही. त्याचं त्याला ठाऊक. मला कागदच बरा.

दिवाळी झाली. शेवंतीशिवायची ही दुसरी. मेघना शीवहून दोन दिवस येऊन राहिली, चकल्या करून गेली. राहुल ऑफिसला गेला तो पाडव्यालाच घरी जेवला. आम्ही बापलेक एका घरात राहतो, एवढंच.

आता कामाचं. तू चौऱ्याण्णव साली मला स्वतःच्या हाताने बांधून दिलेलं मशीन, तो ॲम्प्लिफायर, अजून चालतंय. टेपरेकॉर्डर मेला, म्हणून मेघनाने त्याला जोडायला पेनड्राइव्हचा छोटा प्लेअर आणून दिला. त्यात चाळीस डबलबाऱ्या भरून दिल्यात. एका बाजूला एक बुवा, दुसऱ्या बाजूला दुसरा, भजनातून एकमेकांना टोमणे. तुला ते कधी कळलं नाही, पण माझा जीव त्यात. तर झालं असं, भाऊबीजेला मी बटण जरा पुढे सरकवलं आणि जळल्याचा वास आला. मेघना म्हणाली, बाबा, बॉक्समधून वरचा आवाज गेला, आता नुसतं धबधब येतंय. मला तसा काही फरक वाटला नाही. पण ती म्हणते म्हणजे काहीतरी असेल.

एवीतेवी उघडणार आहेस, तर वॅट वाढवून दे. पंधरा वॅट म्हणजे आता काहीच नाही, लोकांकडे हजार-हजार वॅटचे बॉक्स आहेत. मला बुवांचे शब्द कळत नाहीत. पेटी कळते, मृदंग कळतो, टोमणा कोणाला बसला ते कळत नाही. राहुल म्हणतो, ते मशीन भंगारात घाला. त्याचा मशीनवर किती राग आहे, ते तुला सांगायला नको.

शेवंतीच्या दिवसकार्यानंतर तू घरी आलेला नाहीस. मी कारण विचारत नाही. पण ये.

ओल्गाला नमस्कार. आहे तो लोभ कमी करू नकोस.

तुझा,
लवू

*

ठाकूरद्वार, गिरगाव,
२७ नोव्हेंबर २०२३

प्रिय लवू,
स. न. वि. वि.

तुझं पत्र ओल्गाने मला वाचून दाखवलं आणि मग मी ते पुन्हा स्वतः वाचलं. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठीच्या बाईंनी माझे कान पिळले होते, ते आज कामी येतायत. चुका काढू नकोस.

तुझ्या बॉक्समधले वरचे दोन्ही छोटे स्पीकर जळलेत. न बघता सांगतो. आणि ते पंधरा वॅट कमी पडले म्हणून जळले. ऐकून तू म्हणशील, मग मी तेच सांगत होतो ना, वाढव. तर नाही. नीट वाच.

तू व्हॉल्यूमचं बटण फिरवतोस तेव्हा तुला वाटतं, वॅट वाढतात. बटण म्हणजे फक्त नळ. मागून आलेला सिग्नल किती आत सोडायचा, एवढंच ते ठरवतं. आत सोडलेल्या सिग्नलला मशीन ठरावीक पटीने मोठं करतं, त्या पटीला गेन म्हणतात. आणि मोठं करून करून मशीन शेवटी किती ताकद देऊ शकतं, ते वॅट. गेन वेगळा, वॅट वेगळे. तुझ्या गिरणीतल्या साचाखात्यातलं, मागावरचं, सांगतो. मोटरवर मोठी पुली बसवली की साचा जास्त वेगाने धावतो. तो गेन. पण मोटर तीच आहे. पुली मोठी करत गेलास तर एका जागी मोटर दमते, पट्टा घसरतो आणि कापड खराब निघतं. खात्यावरचा जॉबर मोटरला शिव्या देत नाही, पुली बदलणाऱ्याला देतो.

तुझा जुना टेपरेकॉर्डर सिग्नल कमी द्यायचा, म्हणून बटण घड्याळातल्या दोनच्या काट्यावर नेलं तरी चालायचं. नवा प्लेअर त्याच्या चौपट सिग्नल देतो. आता बटण दहाच्या काट्यावर असतानाच पंधराचे पंधरा वॅट संपतात. पुढे फिरवलंस की आवाज वाढत नाही, आवाजाच्या लाटेचा माथा छाटला जातो. छाटलेली लाट करकरीत होते आणि ती करकर सगळी त्या छोट्या स्पीकरवर जाऊन पडते. ती बारीक तार, ती जळणार नाही तर काय.

आणि वॅट वाढवण्याचं म्हणशील, तर पंधराचे तीस केले तर कानाला जेमतेम कळेल. दुप्पट मोठं वाटायला हवं तर दहापट, म्हणजे दीडशे लागतील. मग तुझ्या वरच्या मजल्यावरचे लोक खाली येतील आणि खालचे वर.

सध्या बटण नऊच्या पुढे नेऊ नकोस. मी छोटे स्पीकर शोधून ठेवतो. लॅमिंग्टन रोडला अजून एक-दोन जण ओळख देतात. काम मी बंद केलंय, टेबलही आवरून टाकलं, पण तुझं करीन.

घरी येण्याचं म्हणतोस. येतो. राहुल घरी नसेल अशी वेळ असली तर बरं, असं लिहिणार होतो, पण ते बरोबर नाही. तो असला तरी येतो.

ओल्गा म्हणते, नाताळचे फुगे तळले की पहिला डबा तुला. तब्येत सांभाळ आणि या म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा,
आल्बर्ट

*

॥ श्री ॥

लालबाग,
ता. ३ डिसेंबर २०२३

प्रिय आल्बर्ट,
स. न. वि. वि.

तुझी पुली समजली. एकवीस वर्षं साचे चालवले, मला शिकवतोस होय. तरी सांगतो, बटण नऊवर ठेवून पाहिलं. लांब कुठेतरी कोणीतरी भजन करतंय असं वाटतं. मग दहावर नेलं. मोठं झालं, पण शब्द तसेच, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखे. तेव्हा तुझं गणित बरोबर असेल, पण मला दीडशे वॅटच दे. शेजाऱ्यांचं मी बघतो.

रविवारी, १० तारखेला ये. मेघना येणार आहे, तिला बोंबील तळायला सांगितलेत. राहुललाही सांगितलं. तो काहीतरी म्हणाला आणि आत गेला.

वाट बघतोय. एवढ्यावर थांबतो, लोभ धरून ये.

तुझा,
लवू

*

ठाकूरद्वार, गिरगाव,
१३ डिसेंबर २०२३

प्रिय लवू,
स. न. वि. वि.

रविवारी पोटभर जेवलो. मेघनाला सांग, तिच्या हाताला आईची चव आली आहे.

तीन दिवस हे पत्र लिहू की नको करतोय. समोर बसून सांगता आलं असतं, पण मोठ्याने सांगावं लागलं असतं. ते मेघनासमोर मला नको होतं.

मी खाली बसून बॉक्सचे स्क्रू आवळत होतो. तू माझ्या शेजारी बॅटरी धरून होतास, पाठ स्वयंपाकघराकडे. मशीन बंद होतं, पंखासुद्धा बंद होता. मेघनाने आतून तुला हाक मारली, बाबा, पानं घेऊ का. थोड्या वेळाने पुन्हा मारली. मी दोन्ही ऐकल्या आणि तुझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच हललं नाही. मग ती बाहेर आली, तुझ्यासमोर उभी राहिली, दंडाला हात लावला आणि तेच पुन्हा विचारलं. तू लगेच म्हणालास, घे घे, भूक लागली. ती मला म्हणाली, बाबांचं लक्षच नसतं. लवू, लक्ष होतं. तुझं सगळं लक्ष माझ्या हातातल्या स्क्रूवर होतं, आणि तरीही हाक ऐकू येणाऱ्या माणसाची मान वळते.

नंतर नवे स्पीकर लावून मी भजन लावलं आणि विचारलं, बुवा आता काय म्हणाले. तू चालीवरून सांगितलंस. चाल बरोबर होती, ओळ दुसरीच होती. दोन स्पीकर जळले आणि तुला फरक वाटला नाही, हे तू पहिल्या पत्रात लिहिलंस तेव्हाच मला टोचलं होतं.

तुझ्या कानापर्यंत आवाज पोचतो, अक्षरं पोचत नाहीत. स, श, ट, क ही बारीक उंच अक्षरं आहेत. साच्यांच्या खडखडाटात एकवीस वर्षांत तीच आधी जातात. माझ्या दुकानात तुझ्या खात्यातली कितीतरी माणसं यायची, सगळ्यांची तक्रार एकच, आवाज आहे, शब्द नाहीत. मी गेन वाढवला तर मृदंगही तितकाच वाढतो आणि अक्षरं त्याच्याखाली दबतात. तुला दीडशे सोड, हजार वॅट दिले तरी टोमणा कळणार नाही. दोष मशीनमध्ये नाही. कान दाखव.

आता माझं सांगतो. हे मी ओल्गाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

मार्च २०२२ मध्ये, शेवंती गेली त्याच्या आठ दिवस आधी, तू टॅक्सीने मशीन घेऊन माझ्याकडे आला होतास. आवाज कमी पडतो म्हणालास. मी आतला एक रेझिस्टन्स बदलला आणि गेन दुप्पट केला. पाच मिनिटांचं काम. तू खूश होऊन गेलास. मग शेवंतीला स्वयंपाकघरात छातीत कळ आली, तिने हाका मारल्या, आणि बाहेर मशीन इतक्या मोठ्याने चालू होतं की तुला त्या ऐकू आल्या नाहीत. स्मशानात राहुल माझ्याजवळ आला. शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या मशीनने आईची हाक खाल्ली." तो रेझिस्टन्स माझ्या हाताने बसवला होता.

त्या आठवड्यात मी काम बंद केलं. बाकीच्यांना वाटतं, डोळे गेले म्हणून. तुझ्या घरी आलो नाही तो त्यामुळे. रविवारी मी तो रेझिस्टन्स काढून जुना बसवला. पावणेदोन वर्षं उशिरा.

तू मला दोष दिला नाहीस, हे तुझं मोठेपण. पण मला ते सांगायचं होतं. रागावलास तर राग लिहून कळव, गप्प बसू नकोस. एवढा लोभ अजून मागायचा मला हक्क आहे असं समजतो.

तुझा,
आल्बर्ट

*

॥ श्री ॥

लालबाग,
ता. २ जानेवारी २०२४

प्रिय आल्बर्ट,
स. न. वि. वि.

ओल्गाचे फुगे पोचले. मेघनाने डबा आणून दिला. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू काय समजला असशील, ते मला माहीत आहे. वीस दिवस तुझं पत्र उशीखाली आहे. तू स्वतःला दोष देतोयस हे मला कळलं नसतं, तर जे लिहितोय ते मी कोणालाच लिहिलं नसतं.

त्या दिवशी मशीन बंद होतं.

शेजारच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. दुपारी जेवण झाल्यावर शेवंतीने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं आणि मला खुणेने सांगितलं, पोर अभ्यास करतेय. मी खुर्चीत पेपर वाचत बसलो. घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. चार वाजून गेले, चहा आला नाही. मी चिडून उठलो, आल्बर्ट. चहा का नाही आला म्हणून चिडून उठलो. ती ओट्याखाली बसली होती, पाठ भिंतीला टेकून. शुद्धीत होती. माझ्याकडे बघत होती.

राहुल ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आला. तिने त्याला सांगितलं, मी किती हाका मारल्या. त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मशीन मोठ्याने चालू होतं. शेवंती पलंगावर होती, तिला ते ऐकू आलं. तिला माहीत होतं, कारण बंद तिनेच केलं होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिने मला सांभाळून घेतलं की बोलायची ताकद राहिली नव्हती, हे मला आता कोण सांगणार.

मला ऐकू येत नाही, हे तिला सोडून कोणाला माहीत नव्हतं. ती समोर येऊन बोलायची. लोक आले की माझ्या बाजूला बसायची आणि त्यांचं बोलणं असं काही फिरवून पुन्हा म्हणायची की मला कळायचं आणि त्यांना कळायचं नाही. आमच्या खात्यात एक भिवा होता. त्याला सगळे बहिरा भिवा म्हणायचे. त्याच्या मागून सुताची रिकामी बॉबिन जमिनीवर टाकायची, तो वळला नाही की सगळ्यांनी हसायचं. मीही हसलो आहे. बॉबिन मीही टाकली आहे. माझे कान जायला लागले तेव्हा पहिला तोच आठवला.

ती गेल्यावर मी रोज दुपारी मशीन मोठ्याने लावायला लागलो. भजन ऐकायला नाही. मी असंच मोठ्याने लावतो, हे राहुलला दिसावं म्हणून. खोटं उघडं पडू नये म्हणून. तुझ्या मशीनला शिव्या बसत होत्या, त्या मी बसू दिल्या. त्या तुला लागतायत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुझ्या हाताने काही झालेलं नाही. तू जोडलंस ते बरोबर जोडलंस.

आता लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही. तू ठरव.

लवू

*

ठाकूरद्वार, गिरगाव,
८ जानेवारी २०२४

प्रिय लवू,
स. न. वि. वि.

पत्र वाचून मी पहिले दोन दिवस तुझ्यावर संतापलो होतो. खोटं कशाला सांगू. पावणेदोन वर्षं मी रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून ज्या गोष्टीची माफी मागत होतो, ती मी केलीच नव्हती. ओल्गाला पत्र दाखवलं. तिने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, तू त्याच्या मशीनची माफी मागत होतास, तो बिचारा बायकोची मागतोय, तुमच्यातलं कोणाचं जड आहे ते बघ. मग माझा संताप ओसरला. सगळा नाही, पण बराच.

शेवंतीबद्दल मी काही सांगू शकत नाही. तिच्या नजरेचा अर्थ मी लावला तर तो माझा अर्थ होईल, तिचा नाही.

मला मोकळं केलंस. आता राहुलला कर. तो तुझ्याशी बोलत नाही, कारण त्याला वाटतं की बापाला आईपेक्षा भजन मोठं होतं. ते खोटं आहे. खरं जे आहे ते जास्त वाईट असेल, पण ते तुमचं आहे. त्यालाही पत्रच लिही. तोंडाने सांगायला गेलास तर तो काय उत्तर देतो ते तुला कळणार नाही, आणि कळलं असं तू पुन्हा दाखवशील.

मी ठरवायचं म्हणतोस. ठरवलं. पुढच्या रविवारी जेवायला इकडे ये.

तुझा,
आल्बर्ट

*

लालबाग,
२१ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलेलं पत्र ऑफिसात वाचलं. मी बाहेरच्या खोलीत झोपतो, तुम्ही आतल्या खोलीत, आणि तरी मी पत्राने उत्तर देतोय. कारण हे तुमच्यापर्यंत पोचवायला मला ओरडावं लागेल, आणि हे ओरडून बोलायचं नाही.

तुमचे कान गेले याचा मला राग नाही. खोटं बोललात याचा आहे. तुम्ही हॉस्पिटलमध्ये ते बोललात तेव्हा मी आईचा हात धरून होतो. तिची बोटं घट्ट झाली, ती मला कळली होती. मला वाटलं तिला कळ आली.

मला माहीत असतं तर मी स्वयंपाकघरात एक बटण बसवलं असतं, दाबलं की बाहेर दिवा लागणारं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पत्र वाचल्यापासून मी हाच विचार करतोय. एक बटण, एक दिवा. आईला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही दोघांनी मिळून ते माझ्यापासून आणि मेघनापासून लपवलंत. दोघांनी. म्हणून थोडा राग मला तिचाही आहे, आणि तो कुठे ठेवू ते कळत नाही.

गुरुवारी ठाकूरद्वारला जाऊन आलो. आल्बर्टकाकांची माफी मागितली. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही, जेवायला बसवलं. जेवताना मला गेन आणि वॅट समजावत होते. मी ऐकत होतो असं नाही, पण बरं वाटत होतं.

मी चिडलेलो आहे, बाबा. किती दिवस राहीन ते आज लिहू शकत नाही. पण शीवला मेघनाच्या ओळखीची कानांची तपासणी करणारी बाई आहे. शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. रजा टाकली आहे. सव्वादहाला तयार राहा, आणि जुने काही रिपोर्ट आईने कुठे ठेवले असतील तर काढून ठेवा.

माया आटलेली नाही, एवढं यातून समजून घ्यावं.

आपला,
राहुल

*

॥ श्री ॥

लालबाग,
ता. १९ फेब्रुवारी २०२४

प्रिय मित्र आल्बर्ट यास,
स. न. वि. वि.

परवा, शनिवारी, यंत्र बसवलं. दोन्ही कानांत. तुला सगळं नीट सांगायचं, म्हणून आज बसलो.

आधी तपासणीचं. एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो होतो. मला वाटलं सुरू व्हायचंय. ती काचेपलीकडून बघत होती, आणि नंतर कळलं की तोवर निम्मी तपासणी झाली होती. तिने कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे, जाड आवाजांना, रेघ बरीचशी वर. उजवीकडे, बारीक आवाजांना, शीवच्या किल्ल्यावरून खाली उतरावं तशी थेट खाली. तू न बघता सांगितलं होतंस तेच.

यंत्र बसवताना तिने समजावलं की यातही गेनच असतो. पण तुझ्या मशीनसारखा सगळ्याला एक नाही. जिथे माझा कान बरा आहे तिथे जवळजवळ काहीच वाढवायचं नाही, जिथे रेघ खाली गेली तिथे खूप वाढवायचं. आणि वर एक मर्यादा घालून ठेवायची, म्हणजे दार आपटलं तरी कानाला इजा नको. मी तिला म्हटलं, म्हणजे गेन वेगळा आणि जास्तीत जास्त ताकद वेगळी. तिने मला विचारलं, काका, तुम्ही इलेक्ट्रिकल लाइनला होतात का. राहुलने माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या बघण्यात नुसतं बघणं होतं.

ती म्हणाली, लगेच सगळं बरं होणार नाही. जी अक्षरं इतकी वर्षं आली नाहीत, ती ओळखायला डोक्याला वेळ लागतो, आणि काही येणारही नाहीत. ते खरं आहे. पिशवीचा कागद कानात फाडल्यासारखा वाजतो. स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटतो. काल दुपारी मशीन लावलं, आठच्या काट्यावर. एक टोमणा कळला, बाकीचे नाही.

मेघनाचं सांगायचं राहिलं. तिला राहुलने सगळं सांगितलं. ती आली, माझ्यासमोर बसून रडली, आणि मग आईचं कपाट आवरायला घेतलं. जाताना माझ्या दंडाला हात लावून गेली. राहुल आता घरी जेवतो. बोलतो कमी. दोन वाक्यं बोलला की तिसऱ्याला त्याचा राग वर येतो आणि तो उठून जातो. मी अडवत नाही. त्याचा आहे तो, त्याने किती दिवस ठेवायचा ते त्यानेच ठरवावं.

शनिवारी यंत्र लावून आम्ही टॅक्सीने परत येत होतो. तो पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे. त्याची पाठ माझ्याकडे होती. परळच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो हळूच काहीतरी बोलला. काचेबाहेर बघतच. माझ्याशी बोलायचं म्हणून नव्हे, सवयीने बोलला असेल, आपण बोललेलं मागच्याला पोचत नाही अशा सवयीने. म्हणाला, आईने यांना कधी सांगितलं कसं नाही, कान दाखवा म्हणून.

आल्बर्ट, मला ते ऐकू आलं. एकेक अक्षर.

मी गप्प बसू शकलो असतो. त्याला कळलंही नसतं. मी म्हटलं, "दर वर्षी सांगायची."

तो मागे वळला नाही. म्हणाला, "मग?"

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही असं दाखवायचो."

सिग्नल सुटला. राहुलचे खांदे हलायला लागले आणि पुढून एक आवाज आला. हसू होतं की रडू, मला सांगता येत नाही. यंत्र नवीन आहे, ते दोन्ही मला अजून सारखंच ऐकू येतं. पुढे वाकून त्याचं तोंड बघावं असं वाटलं होतं, पण मी वाकलो नाही. लालबाग येईपर्यंत नुसता ऐकत बसलो.

ओल्गाला नमस्कार. या रविवारी येतो. लोभाचं काय लिहू, तो तुझ्याकडे आहे हे आता माझ्या कानांनी ऐकायला येतो.

तुझा,
लवू